कुलूप कोणी लावलं?

आषाढीची वारी पंढरपुरात संपते, पण हिंगोली जिल्ह्यातल्या कयाधूकाठच्या नर्सी नामदेवात तिचा उत्तरार्ध रंगतो. पंढरपूर करून आलेले वारकरी आषाढ वद्य एकादशीला इथे दर्शनाला येतात. परिसरात तिला परतवारी म्हणतात. संत नामदेवांचा जन्म १२७० सालचा आणि नर्सीचा, अशी परंपरा आहे. कीर्तनात टाळकरी उभे राहतात तसे आता मोबाईलही उभे राहतात, आणि रात्रीपर्यंत तेच कीर्तन यूट्यूबवर चढतं. घरी राहिलेल्या आजीला ते ऐकवायचं असतं, शेतातल्या आखाड्यावर नेट धड चालत नाही, म्हणून नातू कुठल्याशा संकेतस्थळावर लिंक चिकटवतो आणि व्हिडिओ मोबाईलमध्ये उतरवून घेतो. यूट्यूबने स्वतः दिलेलं डाउनलोडचं बटण सोडून दुसऱ्या वाटेने व्हिडिओ घेणं त्यांच्या अटींत बसत नाही. म्हणजे नातवाने नियम मोडला. पण त्याने कोणाचं काय नेलं?

उत्तर द्यायचं तर त्या व्हिडिओचे पदर सोडवावे लागतील. अभंग सातशे वर्षांपूर्वीचा, त्यावर कोणाचाही मालकी हक्क नाही. चाल एखाद्या हयात संगीतकाराची असेल तर तिच्यावर त्याचा हक्क आहे. कीर्तनकार उभा राहून जे निरूपण करतो ते कायद्याच्या भाषेत सादरीकरण. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ३८ व्या कलमाने सादरकर्त्याला त्यावर ५० वर्षांचा हक्क दिला आहे. ज्याने कॅमेरा लावून चित्रीकरण केलं त्याचा त्या चित्रीकरणावर ६० वर्षांचा हक्क, आणि या सगळ्यावर यूट्यूबच्या अटींची झूल. नातवाने मोडली ती ही झूल. तिच्या खाली ज्याचा खराखुरा घाम आहे तो कीर्तनकार. त्याला या व्यवहारात बहुतेक वेळा कोणी विचारलेलंच नसतं, चित्रीकरण करणाऱ्यानेही नाही.

निवृत्ती महाराज इंदुरीकरांनी कीर्तनातूनच यूट्यूबवाल्यांवर अनेकदा तोंडसुख घेतलं आहे. आपल्या कीर्तनाचे तुकडे कापून लोक पैसे कमावतात, वाद मात्र आपल्या गळ्यात पडतात, ही त्यांची तक्रार. त्यांच्या शैलीबद्दल आणि काही विधानांबद्दल आक्षेप घ्यायला भरपूर जागा आहे. तो वेगळा विषय. या एका तक्रारीत मात्र तथ्य आहे. गंमत अशी की परवानगीशिवाय कीर्तन चित्रित करून वाहिनी चालवणारा माणूस यूट्यूबच्या लेखी रीतसर निर्माता ठरतो आणि आजीसाठी तेच कीर्तन उतरवून घेणारा नातू नियम मोडणारा.

नामदेवांच्याच शब्दांवरून पंजाबातही असा पेच पडला. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. गुरुदासपूर जिल्ह्यातल्या घुमानमध्ये त्यांचं दीर्घ वास्तव्य झालं असं मानतात, म्हणून २०१५ चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथे भरलं होतं आणि म्हणूनच नर्सीलाही शीख भाविक येतात. अमृतसरच्या हरमंदिर साहिबातल्या गुरबाणी कीर्तनाचं थेट प्रक्षेपण वर्षानुवर्षं पीटीसी या एकाच खासगी वाहिनीकडे होतं. २०२० च्या सुरुवातीला रोजच्या हुकूमनाम्याच्या, म्हणजे गुरू ग्रंथ साहिबातून त्या दिवसासाठी निघणाऱ्या वचनाच्या, ध्वनिमुद्रणावरही वाहिनी हक्क सांगते आहे असा आरोप झाला आणि मोठा गदारोळ उठला. जून २०२३ मध्ये पंजाब विधानसभेने प्रक्षेपण सर्वांना मोफत करणारं विधेयक मंजूर केलं. धर्माच्या कारभारात सरकारने हात घालू नये म्हणून शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने त्याला विरोध केला, पण जुलैत स्वतःची यूट्यूब वाहिनी सुरू केली. वाणी गुरूंची आणि भक्तांची, आवाज कीर्तन गाणाऱ्या रागींचा, कॅमेरा वाहिनीचा. हक्क सांगणारा यातला सर्वात नवा पाहुणा होता, आणि भाविकांना नेमकं तेच खुपलं.

आता कुलूप प्रत्यक्षात कसं असतं ते बघू. आपण 'व्हिडिओ' म्हणतो ती एक अखंड फाइल मोबाईलकडे येत नाही. काही सेकंदांचे तुकडे एकामागून एक येतात आणि मोबाईल ते जोडत दाखवत जातो. तुकडा मागताना एक सही द्यावी लागते. ती सही कशी करायची याचं छोटं कोडं यूट्यूबच्या पानातच असतं आणि ब्राउझर ते आपोआप सोडवतो. डाउनलोड करून देणारे प्रोग्रॅम हेच कोडं सोडवतात, फक्त तुकडे दाखवून फेकून न देता जपून ठेवतात. म्हणून यूट्यूबचं कुलूप तसं लोटलेल्या कडीसारखं. नेटफ्लिक्स किंवा हॉटस्टारवर प्रकरण कडक होतं. तिथे तुकडे सांकेतिक लिपीत बंद करून पाठवतात आणि किल्ली वाइडवाइनसारख्या यंत्रणेमार्फत थेट मोबाईलच्या चिपमधल्या राखीव कप्प्यात जाते. स्क्रीन रेकॉर्ड करायला गेलात की काळा चौकोन मिळतो तो याचमुळे.

देशाची वेस हे तिसरं कुलूप. नेटवरच्या प्रत्येक जोडणीला एक आयपी पत्ता असतो आणि कोणता पत्ता कोणत्या देशात वाटलेला आहे याच्या याद्या कंपन्यांकडे असतात. पत्ता भारताचा असेल तर चित्रपट दाखवा, न्यू जर्सीचा असेल तर 'तुमच्या देशात उपलब्ध नाही' ही पाटी. व्हीपीएन वापरलं की तुमची मागणी दुसऱ्या देशातल्या यंत्रावरून निघते आणि यादी फसते. ही वेस नवी नाही. डीव्हीडीच्या काळात स्टुडिओंनी जगाचे सहा भाग पाडले होते. अमेरिका एकमध्ये, भारत पाचव्या भागात. मुंबईत विकत घेतलेली पाच क्रमांकाची तबकडी अमेरिकेतल्या प्लेअरवर हटून बसायची. पैसे मोजलेत, तबकडी तुमची आहे, तरी विमानतळ ओलांडताच ती परकी होई. या कुलपाबद्दल मला कधीच आदर वाटला नाही, आणि आपल्याकडच्या अनेक डीव्हीडी कंपन्यांनाही बहुधा नसावा, कारण त्यांच्या वेष्टनांवर 'सर्व विभागांसाठी' असं छापलेलं असायचं.

डीव्हीडीचं कुलूप उघडणारा प्रोग्रॅम १९९९ मध्ये पसरला तेव्हा त्यासाठी नॉर्वेतल्या यॉन लेक यूहानसन या १५ वर्षांच्या मुलाकडे बोट दाखवलं गेलं. विकत घेतलेली डीव्हीडी लिनक्सच्या संगणकावर लावता यावी एवढाच हेतू होता, असं त्याचं म्हणणं. हॉलीवूडच्या तक्रारीवरून खटला झाला; २००३ मध्ये तो आधी खालच्या न्यायालयात आणि वर्षअखेरीस अपिलातही निर्दोष सुटला. स्वतः कायदेशीरपणे घेतलेली वस्तू स्वतः पाहण्यासाठी उघडणं ही फोडाफोडी नव्हे, असा त्या निकालाचा मथितार्थ.

२०२० मध्ये हाच वाद यूट्यूबवर आला. यूट्यूब-डीएल हा व्हिडिओ उतरवून घेणारा २००६ पासूनचा मुक्त प्रोग्रॅम. २३ ऑक्टोबरला अमेरिकी ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने नोटीस पाठवली आणि तो जिथे ठेवलेला होता त्या गिटहब या संकेतस्थळाने तो काढून टाकला. चाचणीसाठी दिलेल्या उदाहरणांत टेलर स्विफ्टसारख्यांची व्यावसायिक गाणी होती, हा नोटिशीतला एक मुद्दा. प्रोग्रॅमच्या बाजूने उत्तर गेलं की हा काहीच फोडत नाही, कोणताही ब्राउझर जे करतो तेच करतो. आणि पत्रकार व मानवी हक्कांचे कार्यकर्ते पुरावे नष्ट होण्याआधी जपून ठेवायला तो वापरतात. १६ नोव्हेंबरला प्रोग्रॅम परत चढला, ती उदाहरणं तेवढी काढून. प्रश्न तिथे मिटला नाही. जर्मनीत २०२३ मध्ये हॅम्बुर्गच्या न्यायालयाने त्याच प्रोग्रॅमच्या संकेतस्थळाला जागा देणाऱ्या कंपनीविरुद्ध निकाल दिला. एकाच कोड्याला दोन देशांत दोन उत्तरं.

भारताचा कायदा याबाबत अमेरिकेपेक्षा शहाणा आहे, असं माझं मत आहे. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात, काही अपवाद सोडले तर, कुलूप उघडणं हेच मुळात बेकायदेशीर. आत जाऊन काय केलंत ते नंतर. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ६५अ हे कलम आलं. संरक्षणासाठी लावलेला तांत्रिक उपाय चुकवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पण चुकवण्यामागे हक्कभंगाचा हेतू असला तरच. कायद्याने ज्याला स्पष्ट मनाई केलेली नाही अशा कामासाठी कुलूप उघडलं तर हे कलम आड येत नाही. आणि ५२ व्या कलमाने खासगी वापर, संशोधन, टीका, परीक्षण यांसाठी रास्त मर्यादेत साहित्य वापरायला आधीच मोकळीक दिलेली आहे. म्हणजे कायदा कुलपाकडे बघण्याआधी हाताकडे बघतो. अर्थात यूट्यूबशी झालेला करार वेगळा. तो मोडला तर खातं बंद होऊ शकतं, तुरुंगाचा संबंध नाही.

हा फरक सरकारी यंत्रणेलाही नेहमी उमगतो असं नाही. २०१६ च्या ऑगस्टमध्ये देशभर घबराट पसरली होती. बंद केलेलं संकेतस्थळ उघडलं की पाटी दिसे: इथला मजकूर पाहणं, उतरवणं, दाखवणं हा गुन्हा असून तीन वर्षांची कैद होऊ शकते. नुसतं पाहिल्याबद्दल तुरुंग? 'ढिशूम' या चित्रपटाच्या चोरट्या प्रती रोखण्यासाठी वितरक कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली होती, त्या प्रकरणात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी तो गोंधळ निस्तरला. चोरटी प्रत नुसती पाहणं हा कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा नाही. परवानगीशिवाय विक्री, भाड्याने देणं, सार्वजनिक प्रदर्शन हे गुन्हे. पाटीवरचा मजकूर बदला, असंही त्यांनी बजावलं. सरसकट संकेतस्थळं बंद करण्याच्या मागणीलाही ते सहज बधले नव्हते. कोणत्या दुव्यावर नेमकं काय आहे ते तपासून या, असा त्यांचा आग्रह.

गुन्हा नाही म्हणजे चूक नाही, एवढं मात्र त्यातून निघत नाही. त्याच वर्षी २९ एप्रिलला नागराज मंजुळे यांचा 'सैराट' आला. चित्रपटगृहांत झुंबड असतानाच त्याची प्रत मोबाईलवर फिरू लागली आणि तक्रारी पोलिसांपर्यंत गेल्या. त्या वेळी मराठवाड्याच्या बाजारगावांतल्या मोबाईल दुकानांत 'कार्ड भरून मिळेल' ही सोय सर्वमान्य होती. मेमरी कार्ड द्यायचं, थोडे रुपये द्यायचे, आणि अर्ध्या तासात त्यात गाणी, चित्रपट, कीर्तन, जे म्हणाल ते भरून घ्यायचं. जिओ सप्टेंबर २०१६ मध्ये आलं. त्याआधी डेटा महाग, म्हणून दुकानदार हाच गावाचा इंटरनेट होता. यूट्यूबलाही याची कल्पना होती. डिसेंबर २०१४ मध्ये त्यांनी भारतात व्हिडिओ ४८ तास साठवून ठेवायची सोय दिली आणि २०१७ मध्ये 'यूट्यूब गो' आणलं, ज्यातून शेजारच्या मोबाईलला डेटा न जाळता व्हिडिओ देता येई. ते २०२२ मध्ये बंद केलं.

कार्ड भरून देणारा दुकानदार आणि आजीचा नातू यांच्या तंत्रात काडीचा फरक नाही. दुकानदार मात्र दुसऱ्याच्या कामावर गल्ला भरतो, तेही तो चित्रपट जवळच्या चित्रपटगृहात लागलेला असताना. 'मराठी चित्रपटांना थिएटर मिळत नाही' ही ओरड आपण वर्षानुवर्षं ऐकतो. मिळालेल्या दोन-तीन आठवड्यांत जे तिकीट फाटेल त्यावरच पुढचा चित्रपट उभा राहायचा असतो. सैराटने तरीही विक्रम केला म्हणून प्रत्येक वेळी तसं होईल असं नाही. इथे 'गरीब प्रेक्षक विरुद्ध श्रीमंत स्टुडिओ' हा युक्तिवाद लंगडा पडतो, कारण पलीकडे स्टुडिओ नसून कर्ज काढलेला निर्माता असतो. २०२३ च्या दुरुस्तीने सिनेमॅटोग्राफ कायद्यात चित्रपटगृहातल्या चोरट्या चित्रीकरणाला तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाखांपासून निर्मितिखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड आला. उशिरा का होईना, बोट योग्य माणसाकडे वळलं.

उलट बाजूही आहे. पैसे द्यायची तयारी असून वस्तू मिळतच नाही तेव्हा काय करायचं? १९३६ चा प्रभातचा 'संत तुकाराम' घ्या. दामले-फत्तेलालांच्या या चित्रपटाची १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात दखल घेतली गेली. साठ वर्षांचा नियम लावला तरी त्याचा हक्क १९९६ अखेर संपला. तो आता सगळ्यांचा आहे. त्याच्या एखाद्या प्रतीवर कोणी हक्काचा दावा ठोकून ती उतरवली किंवा तिच्या जाहिरातींचा पैसा आपल्याकडे वळवला, तर ते कुलूप उघडणाऱ्याला चोर म्हणवत नाही. चोर असलाच तर कुलूप लावणारा. परदेशातल्या मराठी घरांचं तसंच. वर्गणी भरली आहे, भाषा आपली आहे, पण वितरणाचे हक्क त्या देशासाठी कोणी घेतलेलेच नाहीत. अशा वेळी व्हीपीएन लावून पाहणारा वर्गणीदार करार मोडतो, पण मूळ निर्मात्याच्या तोंडचा घास काढत नाही. हीच सबब भारतात राहून १४९ रुपयांचं यूट्यूब प्रीमियम चुकवणाऱ्याने दिली तर मला ती तितकी पटणार नाही.

कुलूप सरकारने लावलेलं असेल तेव्हा चर्चेची पातळीच बदलते. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने २०२१ च्या माहिती-तंत्रज्ञान नियमांतले आणीबाणीचे अधिकार वापरून पंतप्रधानांवरच्या बीबीसी माहितीपटाचे दुवे यूट्यूब आणि ट्विटरवरून हटवले. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या विद्यार्थ्यांनी संस्थेची संमती नसताना तो आवारात दाखवला. इथे निर्मात्याचं नुकसान हा मुद्दाच नाही; प्रश्न नागरिकाने काय पाहावं हे कोणी ठरवायचं एवढाच. आनंद पटवर्धनांनी दुसरा रस्ता धरला. दूरदर्शनने नाकारलेला 'पितृ, पुत्र और धर्मयुद्ध' दाखवलाच पाहिजे, हा निकाल त्यांनी २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून मिळवला. चित्रपट नव्वदच्या दशकाच्या मध्याचा; एवढा धीर आणि एवढा वकील प्रत्येकाकडे नसतो.

आडवाट आणि उघड विरोध यांत आपल्या परंपरेने नेहमीच भेद केला आहे. नर्सीपासून फार लांब नसलेल्या औंढा नागनाथची आख्यायिका सगळ्यांना ठाऊक आहे: नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही, ते मागच्या बाजूला जाऊन गाऊ लागले आणि देऊळच फिरलं. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून दहा दिवस उपोषण केलं, तेही गावात सर्वांसमक्ष. व्हीपीएन लावून बंदी घातलेला माहितीपट पाहणारा माणूस यांच्या पंगतीत बसत नाही, कारण त्याने काहीच पणाला लावलेलं नसतं. पण प्रत्येक प्रेक्षकाकडून हौतात्म्याची अपेक्षा करणंही अन्यायच. माहिती मिळवण्यासाठी लपावं लागतंय, यात लपणाऱ्यापेक्षा लपायला लावणाऱ्याचा दोष मोठा. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षं ठेवायला सांगितलं तेव्हा नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क, एक्सप्रेसव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर उचलले. फुकटच्या व्हीपीएनबद्दल एवढंच सांगतो की तुमची सगळी ये-जा एका अनोळखी माणसाच्या अंगणातून होत असते, आणि त्याचं पोट कशावर भरतं ते त्याने सांगितलेलं नसतं.

शेवटी एक प्रकार असा, जिथे कुलूप उघडण्याबद्दल कायदा जवळजवळ आपल्या बाजूने उभा आहे. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी चित्रपटाला मराठी उपशीर्षकं जोडायची, किंवा ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी पडद्यावर काय चाललं आहे ते सांगणारा आवाज. २०१२ च्याच दुरुस्तीने दिव्यांगांना वापरता येईल अशी प्रत करण्याची मुभा दिली. दृष्टिहीन वाचकांसाठीच्या मराकेश कराराला मान्यता देणारा भारत जून २०१४ मध्ये जगातला पहिला देश ठरला. तो करार मात्र मुख्यतः छापील साहित्याचा. चित्रपटांच्या बाबतीत २०२३ च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयाला 'पठाण'च्या निर्मात्यांना ओटीटीवर उपशीर्षकं आणि दृश्यवर्णन द्यायला सांगावं लागलं. मोठ्या हिंदी चित्रपटाची ही कथा, तर जुन्या मराठी चित्रपटांना कोण विचारतो?

अशा कामासाठी एखाद्या विशेष शाळेतल्या शिक्षिकेने चित्रपटाचं कुलूप उघडलं तर ६५अ कलम तिला अडवणार नाही. पण तिला हे तंत्र येत नसतं. ती जाते त्याच मोबाईल दुकानात. आणि कायद्याने तिथेही एक अट घालून ठेवली आहे: अशा रास्त कामासाठी दुसऱ्याला कुलूप उघडून देणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता, ओळख पटवणारा तपशील आणि कामाचा उद्देश यांची पूर्ण नोंद ठेवायची. कार्ड भरून देणाऱ्या काउंटरवर अशी वही मला अजून दिसलेली नाही.